एसी सुरू होत नव्हता आणि बाबांचे साडेआठ हजार गेले, नागपूरवाल्यांनी वाचा

आधी मुद्द्याचं सांगतो मग किस्सा. एसी सुरूच होत नसेल, म्हणजे बीप नाही, लाईट नाही, रिमोट दाबून काहीच नाही, तर त्याचा गॅसशी काही संबंध नसतो. गॅस कमी झाला तर एसी चालू होतो, पंखा फिरतो, फक्त थंड करत नाही. आणि गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, पाईपात बंद असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, मग आधी लीक शोधायचं ना.

आता झालं काय ते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होता, आईबाबा मानेवाड्याला राहतात, दुपारी त्यांचा एसी एकदम डेड. मी मिहानला ऑफिसात. (2024 च्या मे मध्ये नागपुरात 56 डिग्री दाखवलं होतं आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं, आठवतं ना? त्या दिवशी आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती सेन्सर बरोबरच होता.) बाबांनी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर नागपूर असं टाकलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. समोरून मुलगी गोड बोलली, कंपनीचं नाव घेतलं, आणि तासाभरात माणूस दारात. एवढ्या सीझनमध्ये खरी कंपनी तासाभरात माणूस पाठवते का हो? इथेच वास येतो.

आला तो गळ्यात आयकार्ड घालून. स्टॅबिलायझर पाहिला नाही, एमसीबी (लोड वाढला की आपोआप खाली पडणारा स्विच) पाहिली नाही, सरळ इनडोअर युनिट उघडलं आणि म्हणे, "काकाजी, पीसीबी उड गया है, गैस भी खाली है." पीसीबी म्हणजे एसीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, तो काढून वर्कशॉपला घेऊन गेला, संध्याकाळी परत आणून बसवला, प्लग काढून पुन्हा लावला, एसी सुरू. मग गच्चीवर आउटडोअरपाशी थोडा वेळ काहीतरी करून खाली आला, गॅस भरून झाला म्हणाला. आई नंतर म्हणते, अरे त्याच्याकडे तर सिलिंडरच नव्हता, एक छोटी बॅग होती फक्त! व्हिजिट 499, पीसीबी 5800, गॅस 2500, सगळं मिळून 8799, राऊंड फिगर म्हणून साडेआठ हजार यूपीआयवर घेतले, नाव आलं कोणातरी माणसाचं, कंपनीचं नाही. बिल म्हणजे साधा कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही.

थोड्याच दिवसांत एसी पुन्हा बंद, आणि तो नंबर तेव्हा कोणी उचलून नाही राहिलं. मग मी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने पहिले प्लगला हात लावला तर प्लग गरम. स्टॅबिलायझरचा 16 अँपिअरचा प्लग उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायर जळून काळी. म्हणजे तेव्हा एसी सुरू झाला तो प्लग हलल्यामुळे, पीसीबीला काही झालंच नव्हतं! नवीन प्लग आणि मजुरी मिळून साडेतीनशे.

पण खरा फटका पुढे आहे. बऱ्याच कंपन्या इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर पाच वर्षांची वॉरंटी देतात, आमच्याही कार्डावर आहे आणि एसी तीन वर्षांचा. वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर फोन केला, त्यांचा माणूस आला, बोर्ड पाहून म्हणाला हा आमचा ओरिजिनल नाहीच, सीरियल नंबर जुळत नाही. चांगला बोर्ड काढून नेला आणि जुनापुराणा बसवून गेला तो. आता वॉरंटी मिळणार नाही म्हणतात.

तर नंबर नेटवर शोधू नका, तो वॉरंटी कार्डावर असतो, युनिटच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो. आणि कोणाला बोलावण्याआधी घरच्या घरी पहा: एमसीबी खाली पडली का (एकदा वर करा, पुन्हा पडली तर जबरदस्ती करू नका), स्टॅबिलायझर लो व्होल्टेज दाखवून राहिला का, उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज डाऊन होतं तेव्हा तो स्वतःच कट करतो आणि परत यायला दोन-तीन मिनिटं घेतो. रिमोटचे सेल बदला, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट दाबला तर बऱ्याच फोनमध्ये पुढचा बल्ब चमकताना दिसतो. इनडोअरचं झाकण उचललं की बहुतेक एसीत एक छोटं बटन असतं, त्याने चालू झाला तर दोष बहुतेक रिमोटचा. प्लग काळा दिसला, जळका वास आला तर स्वतः उघडू नका, मेन बंद करा आणि ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलवा.

बोर्ड घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि द्यावाच लागला तर सीरियल नंबरचा फोटो आधी काढा.

1930 वर सायबरची तक्रार केली, 1915 वर ग्राहक हेल्पलाईनलाही, यूपीआयचा स्क्रीनशॉट दिला आहे, पैसे अजून आले नाहीत. परवा मित्राने त्याच नंबरवर फोन लावला, आता उचलतात, त्याने मुद्दाम दुसऱ्याच कंपनीच्या फ्रीजचं नाव सांगितलं. तीच गोड मुलगी म्हणते, "हो सर, कंपनीतूनच बोलतेय, ॲड्रेस सांगा."