पोरांना कुठला डायनासोर दाखवायचा: १९९३चा की २०२५चा?

रविवारची एक संध्याकाळ मोकळी, घरात आठ-दहा वर्षांची पोरं, आणि वेळ एकाच पिक्चरपुरता. 'ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ' लावायचा की मूळ 'ज्युरासिक पार्क'? सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने विचारलं तेव्हा मी चटकन 'जुना' म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "दादा, जुना आमचा पाठ आहे रे. नव्यात बघण्यासारखं काहीच नाही काय?" आहे की. पण ते सांगायचं तर दोन्ही शेजारी ठेवूनच सांगावं लागेल.

'रीबर्थ' हा मालिकेतला सातवा. १९९३चा पहिला आणि हा, यांच्यामधल्या पाचांचा विचार इथे नको. त्यातला २०१५चा बरा, बाकीचे पाहिले नाहीत तरी नव्यात काही अडत नाही. पहिल्याशी मात्र याचं खरं नातं आहे. मूळ कादंबरीकार मायकल क्रायटन यांच्याबरोबर पहिल्याची पटकथा लिहिणारे डेव्हिड केप यांनीच ही पटकथा लिहिली आहे. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स. माणसापुढे अजस्र जनावर उभं करून त्याचा आकार डोळ्यांत भरवावा तर यांनी, हे २०१४च्या 'गॉडझिला'तच दिसलं होतं. त्यामुळे अपेक्षा होती, आणि अर्धी पुरीही झाली.

कथेची सुरुवातच मजेशीर आहे. जगाला डायनासोरचा कंटाळा आलाय. विषुववृत्ताजवळचा पट्टा सोडला तर ते कुठे फारसे तगत नाहीत, संग्रहालयाला गिऱ्हाईक नाही, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक भलंमोठं जनावर मरायला टेकलंय तर लोक ट्रॅफिक अडला म्हणून वैतागलेत. कृष्णेचं पाणी चढलं की आयर्विन पुलाकडे बघायला धावणाऱ्या आपल्या गावाला हे पटणं अवघड आहे. असलं जनावर इथे आलं असतं तर आठवडाभर दुकानं उघडली नसती. पण हा कंटाळा खरा मानूनच पिक्चर पुढे जातो: लोकांना आता साधे डायनासोर पुरत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत काहीतरी विचित्र घडवा. गंमत अशी की यातली सगळी चांगली दृश्यं साध्या, जुन्या जनावरांची आहेत, आणि सगळी फसलेली त्या घडवलेल्या राक्षसाची.

आधी चांगलं. नदीकाठी टायरॅनोसॉरस झोपलाय, त्याच्यापलीकडे हवेने फुगणारी रबरी होडी आहे, आणि समुद्रातून कसंबसं किनाऱ्याला लागलेल्या कुटुंबातल्या मोठ्या मुलीला ती होडी हवी आहे. एवढंच. कोणी बोलत नाही, संगीत दबकं, आणि ते जनावर माणसासारखं कूस बदलतं. पुढे पाण्यातला पाठलाग आहे तो बघाच. हा प्रसंग मुळात क्रायटन यांच्या १९९०च्या कादंबरीतला. पहिल्या पिक्चरमध्ये तो घेतला नव्हता. म्हणजे नव्या पिक्चरमधला सर्वांत ताजा तुकडा सर्वांत जुना निघाला. माझ्या मते हे एक दृश्य मालिकेतल्या पहिल्या पाचांत बसतं.

दुसरं म्हणजे उंच गवतातला टायटॅनोसॉरसचा कळप. औषध कंपनीला हृदयरोगावरच्या औषधासाठी जमीन, पाणी आणि आकाश यांतल्या सर्वांत मोठ्या तीन जनावरांचं रक्त हवंय, आणि जमिनीवरचा मान याचा. शेपट्या जरा अतीच लांब दाखवल्यात, पण दृश्य शांत आणि देखणं आहे. इथे पिक्चर थांबवून पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. टायटॅनोसॉरस हे नाव भारतातल्या हाडांवरून पडलंय. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला माहीत असलेल्या स्लीमनसाहेबांना १८२८ मध्ये जबलपूरला शेपटीचे मणके सापडले, आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यावरून या जनावराला नाव दिलं. याचाच भाऊबंद इसीसॉरस तर महाराष्ट्रातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे याच मंडळींच्या अखेरच्या काळात. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराचा काळा दगड त्याच लाव्ह्याचा. (समुद्रातला मोसासॉरस आणि आकाशातला क्वेट्झलकोॲटलस हे दोन्ही शास्त्रानुसार डायनासोर नव्हेत, हे पोरंच तुम्हाला सांगतील.)

आता फसलेलं. शेवटी येतो तो डिस्टॉर्टस रेक्स: सहा पाय, फुगीर डोकं, धूर, लाल उजेड, आरडाओरडा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं, त्या जातीच्या नाटकांत राक्षसपार्टी 'अलल्लडुर्र' करत रंगमंचावर यायची आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. ते चालायचं, कारण रावण कोण, त्याचं वैर कोणाशी, हे प्रेक्षकाला घरून माहीत असायचं. या सहा पायांच्या प्राण्याचं कोणाशी काही देणंघेणं नाही. सुरुवातीला प्रयोगशाळेत तो सुटतो, मग जवळजवळ पूर्ण पिक्चर गायब, आणि अखेरीला उगवतो. तो सुटतो तेही चॉकलेटचा कागद दाराच्या यंत्रणेत अडकल्यामुळे! एवढी सुरक्षित लॅब, आणि तिला कागदाचा एक कपटा भारी पडला.

'ज्युरासिक पार्क'मध्ये कुंपणाची वीज कशी जाते ते आठवा. पैशांवरून मालकाशी बिनसलेला संगणकवाला, डायनासोरचे भ्रूण चोरण्यासाठी यंत्रणा बंद करतो. हाव, चिक्कूपणा, वादळ, सगळं एकात एक गुंतलेलं. म्हणून तिथे पुढचं संकट माणसांनी ओढवून घेतलेलं वाटतं. इथे ते वरून पडल्यासारखं. माणसांचंही तसंच. जुन्यात जेवणाच्या टेबलावर बसून ही मंडळी भांडतात, असं उद्यान असावं की नसावं, आणि त्या भांडणातूनच कोण कसा आहे ते कळतं. नव्यात स्कार्लेट जोहान्सन आणि माहेरशाला अली यांच्यासारखी तगडी माणसं घेऊन त्यांना आपापलं दुःख दोन-दोन वाक्यांत सांगायला लावलंय. जॉनथन बेलीचा शास्त्रज्ञ तेवढा लक्षात राहतो, कारण जनावर दिसल्यावर त्याचे डोळे खरोखर पाणावतात. शिवाय कंपनीची मोहीम आणि समुद्रात होडी उलटलेलं कुटुंब अशा दोन गोष्टी आहेत. त्या शेजारी शेजारी चालतात, एकमेकींत मुरत नाहीत.

जुन्यात डायनासोर किती वेळ दिसतात? १२७ मिनिटांत सुमारे १५ मिनिटं. टायरॅनोसॉरस तर जवळपास तासाभराने येतो, आणि त्याआधी येते ग्लासातल्या पाण्यावरची कंपनं. ती गाडीखाली गिटारची तार छेडून मिळवली होती. बऱ्याच दृश्यांत समोरचं जनावर खरोखर उभं होतं: स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी बनवलेलं, पावसात भिजून जड झालं की थरथरायला लागणारं. ते वजन आजही पडद्यावर जाणवतं. संगणकावर काढलेला भाग थोडाच, म्हणून तो अजून जुना दिसत नाही. 'रीबर्थ' ३५ मिमी फिल्मवर, खऱ्या जंगलांत चित्रित केलाय, त्यामुळे आधीच्या दोन-तीन भागांपेक्षा डोळ्यांना कितीतरी बरा. पण जुन्यातल्या स्वयंपाकघरातल्या त्या लपाछपीची आठवण करून देणारं दुकानातलं दृश्य आलं की तुलना होतेच, आणि नवा हरतो.

लहानग्यांच्या भीतीचं म्हणाल तर दोन्ही सारखेच, प्रकार वेगळा. जुन्यात वकिलाचा शेवट आणि तुटलेला हात आहे. नव्यात पहिल्याच प्रसंगात एक शास्त्रज्ञ दारापलीकडे अडकतो, आणि पुढे त्या कुटुंबातली छोटी इझाबेला सतत संकटात असते. तिच्या पिशवीत बसलेलं पिल्लू, डोलोरेस, पोरांना फार आवडतं (खेळण्यांच्या दुकानांनाही आवडलं असणार). सहा-सात वर्षांच्या पोराला मी दोन्ही दाखवणार नाही.

भाषेची अडचण नाही. जुना १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला तेव्हा इंग्रजी न येणारेही थिएटरात गेले. नवाही हिंदीत आलाय. लांबीत फरक थोडाच, नवा सव्वादोन तासांच्या आसपास. एक गोष्ट मात्र बघा: जुन्याची निम्मी कमाल आवाजात आहे, आणि टीव्हीच्या पातळ स्पीकरवर ती वाया जाते. कोणाकडे बरा साउंडबार असेल तर त्यांच्याकडेच जमा.

तर निवड अशी. पोरांचा हा पहिलाच डायनासोरपट असेल तर जुनाच लावा, आणि टायरॅनोसॉरस येईपर्यंत "कधी येणार, कधी येणार" म्हणून कुरकुरली तरी पुढे पळवू नका. बहिणीच्या घरासारखं जुना पाठ असलेलं घर असेल तर नवा खुशाल बघा. नदी, गवताळ माळ आणि कड्यावरचं क्वेट्झलकोॲटलसचं घरटं एवढ्यावर संध्याकाळ वसूल होते. आजी-आजोबा बसणार असतील तर पुन्हा जुना, कारण त्यात माणसं बोलतात. आणि नवा लावलात तर लाल धूर दिसायला लागला की उठून पानं घ्यायला हरकत नाही.