तीस युरोंचा डिकोडर आणि इटलीच्या टीव्हीचं २०२२

सुरुवातीलाच सांगते, वस्तू टाकाऊ नाही. (डिकोडर म्हणजे हवेतून येणारा नवा सिग्नल जुन्या टीव्हीला दाखवता येईल असा करून देणारा डबा.) पाचपैकी तीन तारे देतेय आणि कापलेले दोन्ही तारे एकाच सेटिंगपायी कापलेत. ब्रँडचं नाव लिहीत नाही. तीस युरोंच्या आतबाहेरचे हे डिकोडर एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात, रिमोटवरची बटणंसुद्धा त्याच जागी. स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतीलच: डीव्हीबी-टी२ (हवेतून टीव्ही पाठवायची नवी पद्धत), एचईव्हीसी मेन १० (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत), एचडीएमआय, स्कार्ट (जुन्या टीव्हींची जोडणी), पुढे एक यूएसबी.

आम्ही इटलीतल्या तोरिनोत (तुरिन) भाड्याने राहतो. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या धंद्यातली. रांजणगावच्या फियाट कारखान्याच्या कृपेने पुणे-तोरिनो खेपा घालणारी मराठी मंडळी इथे अधूनमधून भेटतात. टीव्ही घरमालकीणबाईंचा. बत्तीस इंची, २०१० च्या आसपासचा, पॅनेल एकदम ठणठणीत, पण आतला ट्यूनर फक्त एमपेग-२ समजणारा, म्हणजे चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत. ८ मार्च २०२२ ला राय (इथली सरकारी वाहिनी) आणि मीडियासेट (खासगी) यांची मुख्य चॅनल आपापल्या जुन्या नंबरांवर एमपेग-४ या पुढच्या पद्धतीत गेली. त्या सकाळी १ दाबलं तर पडदा काळा आणि मागून बातम्यांचा आवाज मात्र स्वच्छ. जुनी आवृत्ती ५०१ पासून पुढे हलवली होती, तीही तात्पुरती.

हे अचानक झालं असं कुणी म्हणू नये. २० ऑक्टोबर २०२१ लाच रायची नऊ छोटी चॅनल (राय ४, राय मूव्ही, राय स्तोरिया वगैरे) एमपेग-४ वर गेली होती. पण सोबत दुसरी भानगडही चालू होती. ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जीसाठी मोकळा करायचा, म्हणून टीव्हीच्या फ्रिक्वेन्सी प्रदेशवार हलवल्या जात होत्या. नोव्हेंबर २०२१ ला सार्देन्या बेटापासून सुरुवात, जानेवारी ते मार्च २०२२ आमचा उत्तरेचा भाग, मग दक्षिण, आणि जूनअखेर सगळा देश. म्हणजे एकाच वर्षात कोडिंगही बदललं, फ्रिक्वेन्सीही बदलल्या आणि स्थानिक चॅनलांचे नंबरही. बऱ्याच स्थानिक वाहिन्यांनी स्वतःच्या फ्रिक्वेन्सी परत केल्या आणि दुसऱ्यांच्या मल्टिप्लेक्सवर (एकाच फ्रिक्वेन्सीवर जाणारा चॅनलांचा गठ्ठा) भाड्याने जागा घेतली. जे लोक कितीतरी वर्षं आमच्या पिएमॉन्ते प्रांताचं एकच चॅनल लावत होते, त्यांना ते नव्या नंबरावर हुडकावं लागलं. आम्ही पुणेकरांनी २०१३ ला केबलच्या सेट टॉप बॉक्सची सक्ती पाहिलेली, पण तिथे निदान ओरडायला केबलवाला असतो. इथे सिग्नल हवेतून फुकट येतो, ओरडायचं कुणावर?

फुकट म्हटलं, पण तसं नाही. टीव्हीची वार्षिक फी ९० युरो आणि ती थेट विजेच्या बिलात लागते, जानेवारी ते ऑक्टोबर दरमहा ९ प्रमाणे. घरात टीव्ही नाही असं लेखी जाहीर केलंत तर सुटका. ‘आमचा टीव्ही आता चित्रच दाखवत नाही’ हे कारण चालत नाही, कारण डिकोडर लावून चालणारा टीव्हीसुद्धा टीव्हीच धरतात. ट्यूनर नसलेला निव्वळ मॉनिटर असेल तर मात्र फी नाही. हा नियम मी दोनदा वाचला, कुठे फट सापडते का बघायला. नाही सापडली.

सरकारने मदतही जाहीर केली होती, तेही सांगायला हवं. डिकोडरवर ३० युरो, पण घरचा आर्थिक निर्देशांक (उत्पन्न आणि मालमत्ता धरून काढलेला आकडा) २०,००० युरोंच्या खाली हवा. तिथे आम्ही बसत नव्हतो. दुसरी योजना उत्पन्न न बघणारी: २२ डिसेंबर २०१८ आधीचा टीव्ही भंगारात द्या, नव्यावर २० टक्के सूट, जास्तीत जास्त १०० युरो. भंगारात देणार काय, मालकीणबाईंचा टीव्ही? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘पण तो चालतो की!’ चालतो हे खरंच. पुरते १०० वसूल करायला ५०० चा टीव्ही घ्यावा लागतो, आणि परत भारतात जाताना तो मागेच सोडावा लागणार. त्यापेक्षा डिकोडर. २०१८ च्या ५जी लिलावात सरकारच्या तिजोरीत साडेसहा अब्ज युरो आले, त्यातले तीस मला दिले असते तर काय बिघडलं असतं, असा विचार मी काउंटरवर पैसे मोजताना केला.

(गंमत अशी की एमपेग हे प्रकरण ह्याच शहराशी जोडलेलं. १९८८ मध्ये ज्यांनी हा गट उभा केला त्यातले लेओनार्दो क्यारिल्योने तेव्हा इथल्याच चेसेल्त या दूरसंचार संशोधन संस्थेत होते. ज्या गावात एमपेग वाढलं त्याच गावात मी एमपेग-२ वाल्या टीव्हीला सलाइन लावत बसले.)

आता चांगलं काय ते. चित्र. एचडीएमआयने जोडल्यावर हा जुना पॅनेल इतका सुंदर दिसू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण त्याला इतकी वर्षं चांगलं काही मिळालंच नव्हतं. दुसरं म्हणजे टेलिटेक्स्टचं (सिग्नलसोबत येणारी मजकुराची पानं) पान ७७७, रायचे सबटायटल्स. माझं इटालियन अर्धं क्लासमध्ये आणि अर्धं त्या पानावर झालंय. जुन्या टीव्हीवर ७७७ उघडलं की अक्षरं यायला वेळ लागायचा, तोवर निवेदक पुढच्या बातमीवर पोचलेला असायचा. ह्या डिकोडरवर अक्षरं पटकन येतात, आणि चॅनल बदलून परत आलं तरी पान लक्षात ठेवतो. एवढ्यासाठी मी पहिले काही महिने पाचही तारे देणार होते.

पण ऑटो स्टँडबाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिमोटला चार तास कुणी हात लावला नाही, की डिकोडर समजतो की घरातले झोपले, आणि बंद होतो. विजेची बचत. कोपऱ्यात एक छोटी पट्टी येते, मिनिटभर थांबते, तेवढ्यात काही दाबलं नाही तर अंधार. टीव्हीलाही युरोपात असंच असतं, मान्य. पण विचार करा, चार तास ठाण मांडून बसून बघणाराच तर सगळ्यात मन लावून बघत असतो! आणि बचत कसली? बंद होतो तो तळहाताएवढा डिकोडर, जो मुळात चिमूटभर वीज खातो. टीव्ही मात्र ‘सिग्नल नाही’ लिहून निळा पडदा दाखवत जळत राहतो. बिल माझ्या नावाचं आहे, मला हे दिसतं.

मेनूत शोधून मी ते बंद केलं. तीन पायऱ्या आत, ‘इतर’ नावाच्या कप्प्यात. प्रश्न मिटायला हवा होता. पण डिसेंबर २०२२ मध्ये, २० तारखेनंतर, एमपेग-२ वाल्या उरलेल्या प्रती पण काढून टाकल्या. यादीत नुसते मुके नंबर राहिले. रिट्यून केलं (चॅनल नव्याने शोधली) तरी जात नव्हते, म्हणून माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे फॅक्टरी रीसेट. यादी स्वच्छ झाली. आणि ऑटो स्टँडबाय गुपचूप पुन्हा चार तासांवर.

हे कळलं कधी, तर ११ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री. सानरेमोची अंतिम फेरी. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना वाटेल गाण्याची स्पर्धा आहे, संपेल अकराला. अठ्ठावीस स्पर्धक होते. सूत्रसंचालक आमादेउस आणि मोरांदी रंगमंचावरून उतरायचं नाव घेत नव्हते. साडेआठला सुरू झालेलं प्रकरण दोनच्या पुढे चाललं होतं. शेजारची दोन घरं आमच्याकडे, सोफ्यावर जागा नाही, मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. साडेदहाच्या सुमारास कुणीतरी जाहिरातीत आवाज कमी-जास्त केला होता, त्यानंतर रिमोट उशीखाली. शेवटचे पाच उरले (पाचही पुरुष, यावर आमच्याकडे मोठी चर्चा झाली), आता निकाल लागणार, आणि पट्टी आली. इटालियन वाचता येणारे सगळे त्या वेळी ‘जिंकणार कोण, मेंगोनी की लात्सा’ यावर भांडत होते. पट्टी गेली. अंधार. डिकोडर पुन्हा चालू होऊन चित्र यायला अर्धा मिनिट घेतो. तो अर्धा मिनिट संपायच्या आत खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि मेंगोनी जिंकल्याचं आम्हाला जिन्यातून कळलं.

विक्रेत्याच्या सेवा क्रमांकावर फोन केला. उत्तर: हे बिघाडात मोडत नाही, बचतीसाठीची सोय आहे. मी म्हटलं, सोय ठेवा, पण रीसेट करताना निदान पडद्यावर विचारा. देश, भाषा, पिनकोडसुद्धा विचारता, मग एवढं एक विचारायला काय होतं? तक्रार नोंदवतो म्हणाले. नोंदवली असेल.

इथे एक दुसरी बाजू सांगायला हवी, कारण माझं मत थोडं हललंय. समोरच्या फ्लॅटमधल्या सिन्योराबाई ऐंशीच्या घरातल्या. सत्तरीच्या पुढच्या, २०,००० पर्यंत पेन्शन असलेल्यांना डिकोडर टपालाने घरपोच मिळत होता, एक पैसा न देता. त्यांचा पोस्टमन घेऊन आला (हो, मला जरा झोंबलं). लावून द्यायला मी गेले, आणि सवयीने ऑटो स्टँडबाय बंद करून आले. आठवड्याने त्या म्हणाल्या, टीव्ही रात्रभर चालू राहतो. त्या रोज टीव्हीसमोरच डोळा लावतात. मी परत जाऊन तीन तासांवर ठेवलं. आता खूश आहेत. म्हणजे सोय चुकीची नाही, मूळ ठेवण चुकीची आहे. ज्याला हवी त्याने चालू करावी.

बाकी किरकोळ. पुढच्या बाजूला घड्याळ नाही, एक लाल दिवा आहे, तो रात्री खोलीभर दिसतो. मी त्यावर टिकली चिकटवली आहे. रिमोट टीव्हीचा आवाज शिकू शकतो, तेवढं शिकवून घ्या, दोन रिमोटचा त्रास वाचेल. यूएसबी रेकॉर्डिंग चालतं पण फाइल दुसरीकडे उघडत नाही. नोव्हाराच्या मैत्रिणीकडे हाच डिकोडर, तिच्याकडे रिट्यूननंतर ३ नंबरावर पिएमॉन्तेऐवजी शेजारच्या लोम्बार्दिया प्रांताच्या बातम्या येत होत्या. तो दोष डिकोडरचा नव्हे, तिकडे मिलानच्या बाजूचा सिग्नल जोरदार पोचतो. यादीत हाताने निवडा.

अपडेट, सप्टेंबर २०२४: २८ ऑगस्टला रायने आपला एक मल्टिप्लेक्स डीव्हीबी-टी२ वर नेला. राय स्तोरिया, राय स्कुओला आता फक्त टी२ वर. आमच्याकडे रिट्यून केलं, ५४ वर राय स्तोरिया एचडीत आलं, काही करावं लागलं नाही. २०१६ चा महागडा टीव्ही असलेले वरच्या मजल्यावरचे साहेब आता दुकानात डिकोडर शोधतायत. १ जानेवारी २०१७ पासूनच दुकानात विकल्या जाणाऱ्या टीव्हीला टी२ सक्तीचं झालं, ते त्याआधी काही महिने घेऊन बसले. या वेळी मी रीसेट केलं नाही, नुसतं रिट्यून, त्यामुळे सेटिंग जागेवर राहिलं. शिवाय २०२४ ला फी ७० युरोच होती, म्हणून मन जरा मोठं झालंय. साडेतीन तारे करते.

घेणार असाल तर पावती जपून ठेवा. परवा मालकीणबाई भाडं घ्यायला आल्या, चित्र बघून चकित झाल्या आणि विचारलं, ‘तुम्ही जाल तेव्हा हा डबा इथेच राहील ना?’ मी आत जाऊन पावती फाइलला लावून आले.