कुत्र्याचे दात: ब्रश, डेंटल स्टिक की पाण्यात टाकायचं औषध?

आपल्याकडे मटण झालं की नळ्या कुत्र्याच्या वाट्याला. चाळीसगावला आमच्या घरीही तेच चालायचं, कारण हाडं चावली की दात साफ राहतात हे लहानपणापासून ऐकलेलं. मग एक दिवस मोती भाकरी एकाच बाजूनं चावू लागला. ओठ उचलून पाहिलं तर वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडालेला, आणि हिरडीलगत तपकिरी किटण, नखानं खरवडूनही न निघणारं. दाढ काढावी लागली. शिजलेलं हाड कुत्र्याला देऊच नका. ते फुटून आतड्यालाही टोचतं.

बाजारातल्या वस्तूंमध्ये ब्रशला तोड नाही. दातांवर रोज मऊ थर बसतो आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं. म्हणून आठवड्यातून एकदा घासून फारसं काही साधत नाही, रोज मिनिटभर घासलं तर साधतं. 42 दात मोजत बसू नका. वरच्या मागच्या दाढांची बाहेरची बाजू आधी घासा, कारण लाळेची नळी तिथेच उघडते आणि किटण तिथेच जास्त धरतं. बोटात घालायची रबरी टोपी सवय लावायला छान, पण हिरडीच्या कडेला केसांचा ब्रशच पोचतो. लहान मुलांचा मऊ ब्रशही चालतो. मोतीला पहिले चार दिवस मी पेस्ट नुसती बोटावरून चाटायला दिली, पाचव्या दिवशी ब्रश लावला.

पेस्ट मात्र कुत्र्याचीच हवी. ती गिळली तरी चालते. आपल्या पेस्टला फेस येतो, फ्लोराइड असतं, आणि काहींत झायलिटॉल नावाचा गोडीचा पदार्थ असतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते, जिवावर बेततं. कापूर-लवंगतेल घातलेलं दंतमंजनही नको. कडूनिंबाची काडी चावायला दिली तर तिच्या चोया हिरडीत रुततात.

तोंडाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्यासाठी डेंटल स्टिक, म्हणजे दात साफ राहावेत म्हणून चघळायला द्यायची खाऊची काडी. पण ती चघळली तरच उपयोगाची, दोन घासांत गिळणाऱ्याला देणं म्हणजे पैसे पाण्यात. पाकिटावरचा वजनगट बघूनच घ्या, लहान काडी मोठ्या कुत्र्याच्या घशात अडकू शकते. अंगठ्याचं नख दाबून पाहा: खूण उमटली तर ठीक, नाही उमटली तर ती दाढ फोडेल. सांबरशिंग आणि वाळकी खुरं याच कारणानं बाद. स्टिकमध्ये कॅलरीही असतात, तेवढं जेवण कमी करा, नाहीतर पॉमेरेनियन महिन्याभरात गोल होतो. आणि पॉमेरेनियनसारख्या लहान जातींचेच दात आधी खराब होतात, म्हणून त्यांना नुसत्या स्टिकवर सोडू नका.

पाकिटावर व्हीओएचसीचा शिक्का असेल तर ती वस्तू आधी घ्या. ही पशुदंत परिषद 1997 पासून कंपन्यांनी केलेल्या चाचण्या तपासून तो देते.

पाण्यात टाकायचं औषध सगळ्यात सोपं, पण माझ्या यादीत शेवटी. चव बदलली की काही कुत्रे पाणीच कमी पितात, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ते परवडणारं नाही. वापरायचंच असेल तर हिवाळ्यात सुरू करा आणि साध्या पाण्याचं दुसरं भांडं शेजारी ठेवा. जेवणावर भुरभुरायची समुद्री शेवाळाची पावडर त्यापेक्षा बरी. तिच्यात आयोडीन असतं, म्हणून थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

किटण आधीच घट्ट बसलं असेल, तोंडाला घाण वास येत असेल किंवा हिरडीतून रक्त येत असेल, तर यातलं काहीच विकत घेऊ नका. आधी भूल देऊन दात साफ करून घ्यावे लागतील. भूल न देता खरवडलं तर दिसणारा भाग चकचकीत होतो, हिरडीखालचा तसाच राहतो. धुळ्याला किंवा जळगावला कुत्रा घेऊन निघण्याआधी, ही सोय आणि दातांचा एक्स-रे तिथे आहे का, हे फोन करून विचारा.

पिल्लू असेल तर आजपासून बोट आणि पेस्ट. शेतावरचा राखणदार कुत्रा तोंड धरू देत नसेल तर त्याच्या वजनाची स्टिक रोज एक, आणि ती संपेपर्यंत जवळ बसा.