पणतीचे चौदा महिने : साताऱ्यात विझ्ला वाढवताना

आमच्या घरी विझ्ला जातीची कुत्री आली त्याला या दिवाळीत चौदा महिने झाले. आणायच्या आधी मराठीत या जातीबद्दल काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं, मिळालं नाही. इंग्रजीत भरपूर होतं, पण ते थंड मुलखातल्या, बंदूक खांद्यावर टाकून रानात जाणाऱ्या माणसांनी लिहिलेलं. साताऱ्याच्या उन्हात, ऊस-आल्याच्या शेतात आणि शिकार अजिबात न करता हे कुत्रं कसं वाढतं, ते कुठेच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नावाचं सांगते. हंगेरियन भाषेत पॉइंटर, म्हणजे वासावरून पक्षी शोधून दाखवणाऱ्या कुत्र्यालाच विझ्ला म्हणतात. आपल्या कानाला मात्र ते 'दिवा विझला' असंच ऐकू येतं. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं, "तिन्हीसांजेला असलं काही तोंडातून काढायचं नाही घरात." पिल्लाचा रंग भाजलेल्या मातीसारखा, तेव्हा नावही त्यांनीच ठेवलं. पणती.

ही जात हंगेरीच्या गवताळ मैदानांतली. हवेत नाक धरून पक्ष्याचा वास काढायचा, सापडला की जागच्या जागी थिजून तो दाखवायचा, आणि पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा, ही तिन्ही कामं एकाच कुत्र्याने करावीत म्हणून तिथल्या लोकांनी ती जोपासली. दोन महायुद्धांच्या धामधुमीत ती जवळजवळ संपली होती. देश सोडून गेलेल्यांनी सोबत नेलेल्या आणि मागे उरलेल्या थोड्याशा कुत्र्यांवरून ती पुन्हा उभी राहिली. अमेरिकन केनेल क्लबची मान्यता 1960 सालची. आपल्याकडे आजही क्वचितच दिसते. पणती आता सोळा महिन्यांची आहे, खांद्यापाशी 55 सेंटिमीटर उंच आणि वजन 21 किलो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. तित्तर, लावा, ससा, मोर यांना मारायचं तर सोडाच, कुत्रं मागे लावून पिटाळणंही शिकारीतच मोडतं. मग असलं कुत्रं कशाला, असं आम्हाला जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. मी आता एवढं सांगू शकते की या कुत्र्याला मारण्याची भूक नसते, शोधण्याची असते. ती भूक रोज भागवली तर हिच्याइतकं समाधानी जनावर दुसरं नाही. आणि नाही भागवली तर ती घर उकरून काढते. आमच्या सोफ्याचा एक हात त्याला साक्षी आहे.

आठ आठवड्यांची असताना, ऑगस्टच्या ऐन पावसात ती आली. लशी पूर्ण व्हायला सोळा आठवडे उजाडतात, आणि जग ओळखायचं पिल्लाचं वय नेमकं तेच असतं. म्हणून जमिनीवर न ठेवता तिला झोळीत घालून फिरवलं. एसटी स्टँड, राजवाड्याची चौपाटी, उसाच्या ट्रॉल्या, बँडबाजा, सगळं तिने माझ्या पोटाशी बसून पाहिलं. आवाजाची भीती बसू नये म्हणून जेवायच्या वेळी नवरा अंगणाच्या टोकाला स्टीलचं ताट आपटायचा, दर दोन दिवसांनी चार पावलं जवळून. दिवाळीत शेजारी फटाके उडत होते तेव्हा तिने फक्त मान वर करून पाहिलं आणि पुन्हा हाड चघळायला लागली. त्या दोन महिन्यांची मेहनत तिथे वसूल झाली. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची लस मात्र विसरू नका. उसात उंदीर असतात आणि हे कुत्रं नाक घातल्याशिवाय राहत नाही.

पहिलं 'पॉइंट' साडेतीन महिन्यांची असताना केलं. कोरेगावच्या बाजूला आमचं शेत आहे, तिथे बांधावर घाणेरीची जाळी आहे. पणती माझ्यापुढे दहा पावलांवर हुंदडत होती, आणि एकदम थांबली. उजवा पुढचा पाय वर, कोपरात दुमडलेला. शेपूट पाठीच्या रेषेत सरळ. अख्खं अंग दगडासारखं आणि नाकपुड्या तेवढ्या हलतायत. मी श्वास रोखून उभी. पंधरा-वीस सेकंदांनी जाळीच्या पलीकडून होला फडफडत उडाला तेव्हा ती दचकून मागे बसली. कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या शेतावरचे तात्या चाळीस वर्षं कुत्री पाळतात, तेसुद्धा हातातलं खुरपं ठेवून बघत राहिले. "वहिनी, ह्ये शिकवून येत न्हाय. ह्ये रक्तात असतंय," म्हणाले.

रक्तात असतं ते थिजणं. थांबून राहणं शिकवावंच लागतं.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे बैलाचा कासरा. परदेशी साइटवर प्रशिक्षणाच्या लांब दोरीची किंमत पाहून मी थक्क झाले होते. कोरेगावच्या बाजारात दोरखंडाच्या दुकानातून तीस फुटी सुती कासरा आणला, पुढे मजबूत हुक शिवून घेतला आणि मागच्या टोकाची गाठ सोडून टाकली, म्हणजे झुडपात अडकत नाही. आधी नायलॉनचा वापरला होता. ती ससाण्यासारखी सुटली आणि माझ्या तळहाताची साल निघाली. सुती दोर हाताला सौम्य, फक्त पावसात भिजून जड होतो. कासरा नेहमी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला अडकवायचा, गळ्याच्या पट्ट्याला नाही. धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसला तर इजा होते.

दुसरी वस्तू शिट्टी. सुरुवातीला खेळाच्या दुकानातली गोटीवाली घेतली होती, ती हरवली. दुसरी आणली तर पणतीने ओळखलीच नाही, कारण आवाज वेगळा. मग अ‍ॅक्मी कंपनीची 210.5 नंबरची मागवली. एका नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच असतो, त्यामुळे एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे, एक तात्यांच्या खुंटीला. बारीक बारीक फुंकर म्हणजे ये, एक लांब म्हणजे असशील तिथे बस. पहिला महिनाभर फक्त जेवणाचं ताट ठेवताना फुंकली, बाकी काही नाही. घाई न केल्याचा फायदा पुढे कळला. तोंडी आज्ञा सगळ्या मराठीत: बस, थांब, शोध, आण, सोड.

फेकलेली वस्तू आणायला शिकवण्यासाठी जीन्सच्या पायाची गुंडाळी शिवून घेतली, आत भुसा. नंतर चिकनच्या दुकानातून कोंबडीचे पंख आणून त्या गुंडाळीला बांधले. या जातीचं तोंड मऊ असतं असं वाचलं होतं, ते एका सकाळी पाहिलं. पणती शेताच्या घरामागून आली, ओठ फुगलेले, डोळे माझ्यावर. मी ओरडले नाही, मागे धावले नाही. खाली बसले आणि हात पुढे केला. तिने तळहातावर तात्यांच्या कोंबडीचं पिल्लू ठेवलं. लाळेने चिंब, पण धडधाकट. ते उठून चिवचिवत पळालं. आधीपासून तोंडातली प्रत्येक वस्तू, मग ती चप्पल असो की मोजा, हिसकावण्याऐवजी खाऊ देऊन सोडवली होती, म्हणून हे जमलं. कुत्र्याने आणलेली वस्तू चोरी ठरवून रागावलात तर ते आणणंच बंद करतं.

आता ज्याचं अजून वाईट वाटतं ते. सात महिन्यांची असताना आम्ही एक प्रशिक्षक लावला. त्यांचं म्हणणं, शिकारी जातीला धाक हवाच. साखळीचा फास आणि गुंडाळलेलं वर्तमानपत्र. मी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, चौथ्या दिवशी बोलले. तोवर पणती शिट्टी ऐकली की जमिनीला चिकटून लघवी करायला लागली होती. शेतात नेली तर माझ्या पायाला घासून चालायची, नाक खाली घालायचीच नाही. वासच घेणं सोडून दिलं होतं तिने. तीन आठवडे शिट्टी ट्रंकेत ठेवली. रोज फक्त गवतात चिकनचे तुकडे फेकायचे आणि "शोध" म्हणायचं. विसाव्या दिवशी ती शेपूट हलवत माझ्या पुढे गेली तेव्हा मी बांधावर बसून रडले. विझ्ला हे अतिशय हळवं कुत्रं आहे. चढ्या आवाजाचं घर असेल तर हात जोडून सांगते, आणू नका.

आपल्या भागात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कुसळ. पावसाळा संपला की डोंगरउतारावरचं कुसळी गवत वाळतं आणि डिसेंबरपर्यंत पिच्छा सोडत नाही. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. वरची शेपटी दमट हवेत पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि टोक स्क्रूसारखं आत जातं. पणती पाच महिन्यांची असताना पुढचा पंजा सारखा चाटायला लागली. दोन बोटांच्या मध्ये हरभऱ्याएवढा फोड. आम्हाला वाटलं काटा असेल. दोन दिवसांनी ती लंगडायला लागल्यावर डॉक्टरांनी भूल देऊन उघडलं तर बोटाच्या पेराएवढं आत गेलेलं कुसळ निघालं. तेव्हापासून रानातून आलं की पाण्याच्या हौदापाशी बसून आधी चारही पंजे, प्रत्येक बोटाची बेचकी, मग कान, काखा, डोळ्यांचे कोपरे. दहा मिनिटं लागतात. एक दिवसही चुकवत नाही.

गोचिडांचंही तसंच. या जुलैमध्ये ती अचानक मलूल झाली, भाकरी-चिकन समोर असून तोंड लावेना, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खूप खाली, गोचीड ताप. 28 दिवस डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक चाललं. आखूड केसांमुळे गोचीड लगेच दिसेल या भरवशावर मी गोचीड होऊ नयेत म्हणून द्यायचं औषध महिनाभर लांबवलं होतं. तसं करू नका. आणि असा मलूलपणा दिसला तर ताप उतरायची वाट न बघता रक्त तपासून घ्या.

उन्हाचं लोक जास्त विचारतात. अंगाला एकेरी केस, म्हणजे खाली लोकरीचा थर नसल्याने ती आपला उन्हाळा बरा सोसते. पण ती स्वतः थांबत नाही, आपणच थांबवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे साडेपाचला निघून सातच्या आत घरी. थंडीत उलट, डिसेंबरच्या पहाटे ती कुडकुडते. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची वाकळ शिवून दिली आहे, त्यात शिरून झोपते. बाहेर बांधायचा तर प्रश्नच नाही. एक तर उसात बिबट्या आहे, आणि दुसरं म्हणजे ही माणसाला सोडून राहत नाही. मी स्वयंपाकघरात तर ती ओट्याखाली, मी न्हाणीघरात तर ती दाराबाहेर. दिवसभर घर बंद असणाऱ्यांनी हिचा विचारच करू नये.

नवव्या महिन्यात शिकवलेलं सगळं पुसल्यासारखं झालं. शिट्टी वाजली की ती मागे बघायची, ऐकलंय हे दाखवायची आणि पुढे जायची. मग कासरा पुन्हा काढला आणि चार महिने एकदाही मोकळी सोडली नाही. दहाव्या महिन्यात माजावर आली तेव्हा तीन आठवडे फक्त अंगणात खेळवली. उन्हाळ्यात टिटव्या उघड्या रानात जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे तेव्हा दोर हवाच. कासच्या पठारावर तर मी तिला नेतच नाही. तिथली फुलं आणि पाखरं तिच्या पायांसाठी नाहीत.

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला बांधावर ती थिजली. कासरा जमिनीवर लोळत होता, माझ्या हातात नव्हता. मी दोन पावलं टाकली आणि तिच्या नाकापुढून लाव्यांचा थवा भुर्रकन उडाला, सात-आठ तरी असतील. तिने झेप घेतली. मी एक लांब शिट्टी दिली. ती हवेतून खाली आली ती बसलेलीच. मागचे पाय थरथरत होते, तोंडातून बारीक कुईकुई, पण बसलेली. लावे पलीकडच्या घेवड्यात उतरले. मी जाऊन तिच्या छातीवर हात ठेवला, आत नुसता ताशा वाजत होता. तात्या लांबून म्हणाले, "आता झाली तयार."

अजून झालेली नाही. पाण्याचं काम बाकी आहे. रविवारी आम्ही संगम माहुलीला जातो. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचं स्मारक तिथेच आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. जाताना मुलगी त्याला फूल वाहते. वेण्णा कृष्णेला मिळते तिथून जरा बाजूला पाणी संथ आहे, पणती तिथे आनंदाने पोहते, गुंडाळी तोंडात धरून सरळ माझ्याकडे येते. पण काठाला लागली की अंग झटकायला म्हणून गुंडाळी टाकून देते आणि मग ती विसरते. म्हणून सध्या मी साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी राहते आणि तिचे पाय वाळूला लागायच्या आत हात पुढे करते. चारांतून तीनदा ती हातात देते.