प्रीफॅब वर्गखोल्या, दहा महिने वापरून: सगळं जमतं, छपराचा आवाज सोडून

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चौथीचं श्रुतलेखन चालू होतं. बाई पाचव्या वाक्यावर होत्या आणि छपरावर पावसाची जोरदार सर आली. पहिल्या रांगेनं वाक्य लिहिलं, मधल्या रांगेनं शेजारच्या वहीत डोकावून लिहिलं, शेवटच्या रांगेतल्या वह्या कोऱ्या राहिल्या. शेवटी बाईंनी वाक्य फळ्यावर लिहिलं, म्हणजे श्रुतलेखन संपलंच. प्रीफॅब खोल्या (कारखान्यात बनवलेले भाग जागेवर जोडून उभ्या केलेल्या) घ्यायच्या विचारात असलेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. बाकीच्या बहुतेक अडचणींना पाना आणि सिलिकॉनची नळी पुरते.

पुण्याच्या कडेच्या शाळांची स्थिती सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत गेली. वाघोली, मांजरी, नऱ्हे त्यातलीच. हद्दीबाहेर राहिलेल्या गावांतही सोसायट्या उभ्या राहिल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट वाढला. शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस, आणि शिक्षक तितक्या खोल्या. पक्क्या इमारतीचा रस्ता लांबचा: जागेचा उतारा, नकाशा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. तोवर मुलं व्हरांड्यात बसवण्यापेक्षा प्रीफॅब बरं. हा निर्णय चुकीचा होता असं दहा महिन्यांनंतरही वाटत नाही.

या शाळेत अशा दोन खोल्या आहेत, प्रत्येकी २० बाय २५ फूट, भिंतींना आणि छपराला ५० मिमी पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम. उन्हाबद्दल तक्रार नाही. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्चच्या दुपारी मुलं पेंगायची. इथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर तास नीट होतो. खिडक्या बंद केल्या तर मात्र अर्ध्या तासात खोली कोंदते.

आता आवाज. पुरवठादार सांगतात, "पफ आहे ना, आवाज येणारच नाही." हे साफ चूक आहे. पफ उष्णता अडवतो, आवाज नाही. तो कडक फोम आहे आणि वरचा-खालचा पत्रा त्याला घट्ट चिकटलेला असतो. वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर थेंब आपटला की थरथर फोममधून थेट खालच्या पत्र्यात उतरते आणि खोलीभर घुमते. आवाज मुरायला मऊ, तंतूंचा थर लागतो, म्हणजे रॉकवूल किंवा ग्लासवूल. मोठ्या सरीत मोबाईलवरच्या मापकानं सत्तरच्या वर डेसिबल दाखवले. मोबाईल काटेकोर नसतो हे मान्य, पण बाईंचा नेहमीचा आवाज साठ-पासष्टच्या घरात असतो. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांसाठीचं एस१२.६० हे मानक रिकाम्या खोलीत पस्तीस डेसिबलपर्यंतच आवाज चालवून घेतं, कारण शिकवणाऱ्याचा आवाज आजूबाजूच्या गलक्यापेक्षा निदान पंधरा डेसिबल वर राहायला हवा. इथे तो खाली जात होता. ज्या मुलाच्या घरी मराठी बोललं जात नाही त्याला अर्धवट ऐकलेला शब्द मनानं पुरा करता येत नाही, आणि शहराच्या कडेच्या शाळांत अशी मुलं पुष्कळ आहेत.

पुरवठादाराशी दीड महिना पत्रव्यवहार झाला. त्याचं उत्तर एकच: हमी गळतीची आहे, आवाजाची नाही. कागद बघितला तर त्याचं बरोबर होतं. मागणीपत्रात आवाजाबद्दल एक ओळही नव्हती.

मग स्वस्त उपाय आधी. छपराच्या वर सहा इंचांवर हिरवी शेडनेट ताणली. थेंब जाळीवर फुटतो आणि बारीक होऊन खाली येतो. रिमझिम असली तर फरक स्पष्ट कळतो, मुसळधार पावसात जेमतेम. वाऱ्यानं जाळी दोनदा फाटली, कारण ती काथ्यानं बांधली होती. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेची चौकट आणि दर दोन फुटांवर बांधणी हवी. शिक्षकांनीही तोवर वाट काढली. पाऊस लागला की तोंडी पाठ थांबवायचा आणि शिष्यवृत्तीचा सराव पेपर द्यायचा. ७५ प्रश्न, दीड तास, बोलायची गरज नाही. सोय चांगली, पण रोज दुपारी पेपर सोडवून पहिली-दुसरीची मुलं वाचायला शिकत नाहीत.

खरा इलाज दिवाळीच्या सुट्टीत झाला. छपरापासून आठ इंच खाली जीआय चौकट टांगली, तिला साडेबारा मिमीचे जिप्सम बोर्ड मारले आणि वर ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल अंथरलं. ६ बाय ४ चे बोर्ड एका खोलीला तेवीस लागले, तुटफूट धरून. वजन खोलीमागे सहाशे किलोच्या आसपास भरतं, म्हणून पर्लिन (छपराचे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) ते पेलतील का हे अभियंत्याकडून आधी लेखी घ्या. चौकट पफच्या खालच्या पत्र्याला टांगू नका, पर्लिनलाच टांगा. पत्र्याला टांगली तर थरथरही तिच्यातूनच खाली येते. भिंतीकडेची फट सिलिकॉननं बुजवली नाही तर निम्मं काम वाया. त्यानंतर आलेल्या एका जोरदार अवकाळी पावसात शेवटच्या रांगेपर्यंत कविता ऐकू गेली. हेच जूनच्या आधी केलं असतं तर पूर्ण पावसाळा वाचला असता आणि शेडनेटचे पैसेही.

इथपर्यंत या खोल्यांना पाचपैकी दोन गुण द्यायचे ठरलं होतं. ते वाढले एका वेगळ्याच गोष्टीमुळे: पफ पॅनलचा पत्रा पोलादी असतो, त्याला चुंबक चिकटतं. पॅनलमध्ये खिळा ठोकता येत नाही, ठोकला तर फोम भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं. त्यामुळे फलक कुठे लावायचे हा प्रश्न होता. चुंबकानं अख्खी भिंतच फलक झाली. पंचवीस मिमीचं साधं काळं फेराइट चुंबक दोन-तीन कागद सहज धरतं. मागे फेल्टचा तुकडा चिकटवा, नाहीतर रंग खरवडून तिथे गंज धरतो. छोटी, चकचकीत निओडिमियम चुंबकं मात्र लहान मुलांच्या वर्गात अजिबात नकोत. दोन गिळली तर आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेततं.

आता त्या भिंतीवर शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतली नावं आहेत, केंद्र सरकारच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीला निवडलेल्या आठवीच्या मुली आहेत (नववी ते बारावी महिना १,००० रुपये, घरासाठी ही छोटी रक्कम नाही), तालुक्याला गेलेला खो-खोचा संघ आहे आणि पहिल्यांदाच सगळे पाढे म्हटलेल्या तिसरीतल्या मुलाचं नावही आहे. फ्लेक्स एका कार्यक्रमापुरता. इथे दर आठवड्याला नाव बदलतं आणि पालक मुलाला सोडायला आले की आधी भिंत वाचतात. दोन खोल्यांमधली घडीची पार्टिशन उघडली की ४० बाय २५ फुटांचं सभागृह होतं, गुणगौरव तिथेच झाला, मांडवाचा खर्च वाचला. पार्टिशन वरून टांगलेली घ्या. जमिनीतल्या खाचेत माती भरते आणि ती अडकते.

गळती तीन ठिकाणी झाली, तिन्ही स्क्रूपाशी. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, इथे खोलगट भागात मारले होते. रबरी वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळा. चेपला की उन्हानं तडकतो.

आगीची गोष्ट आवाजाहून मोठी आहे, पण तिचे नियम स्पष्ट आहेत. पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत गवताच्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. खोलीला दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे. वायर पाइपातून, पॅनलमधून मोकळी नाही. स्वयंपाकघर लांब. इथे दुसरा दरवाजा मूळ नकाशात नव्हता, तो भांडून घ्यावा लागला.

जागा निवडताना पक्क्या इमारतीची आखणी आधी करून घ्या आणि प्रीफॅब तिच्या बाहेर उभं करा. नाहीतर निधी येईल त्या दिवशी खोल्या उचलायच्या कुठे, यावर काम अडेल. १:१२ उताराचा रॅम्प या खोल्यांनाही लागतोच, तात्पुरत्या असल्या तरी.

तिसऱ्या खोलीची मागणी गेल्या आठवड्यात गेली. छपराला पफऐवजी रॉकवूल पॅनल मागितलं आहे: पावसाचा आवाज कमी आणि गाभा जळत नाही. वजन जास्त, म्हणून पर्लिनचं अंतर कमी करायला सांगितलं आहे. मागणीपत्रात या वेळी आवाजाची ओळ आहे: छपरावर पाइपानं जोरात पाणी सोडून, शेवटच्या बाकावर बसून श्रुतलेखन घेतलं जाईल, दहाही वाक्यं लिहिता आली तरच खोली ताब्यात. पाच टक्के रक्कम अनामत म्हणून रोखून ठेवायची, ती पुरवठादाराला ऑगस्ट संपल्यावरच मिळेल.