चेकआउटला ओटीपी बसवून देतो म्हणाला आणि ३६,३२० रुपयांना बुडवलं

आधी आकडा. वेबसाइटवर हे बसवणाऱ्या डेव्हलपरच्या कामाचे १८,५००, ५०,००० एसएमएसच्या पॅकचे २० पैसे दराने जीएसटी धरून ११,८००, आणि ४३ खोट्या ऑर्डरींचं जाऊन-येऊन कुरिअर ६,०२०. आम्ही तांबट आळीतली तांब्याची भांडी ऑनलाइन विकतो. कॅश ऑन डिलिव्हरीच्या घागरी पोचे पडून परत येत होत्या, म्हणून ऑर्डर घेतानाच ओटीपीने नंबर तपासायचं ठरवलं, आणि दिवाळी तोंडावर होती. घाई झाली ती त्यामुळे, हौसेने नाही.

कळायला हवं होतं डेमोतच. नंबर टाकला गोदामातल्या बटणवाल्या फोनचा. फोन वाजायच्या आधीच लॅपटॉपवरच्या सहाही चौकटी भरल्या. "ऑटो-रीड आहे, सर." बटणवाल्या फोनमधलं लॅपटॉप काय वाचणार? ओटीपी ब्राउझरमध्येच तयार होत होता, तिथेच तपासला जात होता. डोळ्यांदेखत झालं आणि आम्ही माना डोलावल्या! तुम्ही ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, ओटीपी मागवा आणि नेटवर्क टॅबमध्ये तेव्हा गेलेली रिक्वेस्ट आणि आलेला रिस्पॉन्स दोन्ही उघडा. त्यात ओटीपी दिसला तर पुढचा एक रुपया देऊ नका.

'पुन्हा पाठवा'ला मर्यादाच नव्हती. कुणीतरी स्क्रिप्ट लावली, दोन रात्रींत पॅक साफ. दोन ओटीपींत निदान ३० सेकंद, एका नंबरला तासाला पाच, एका आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) वेगळी मर्यादा, हे लेखी मागा. ओटीपी सर्व्हरवरच बनावा, ५ मिनिटांत बाद व्हावा, पाच चुकांनंतर रद्द. शिवाय ऑर्डर नोंदवताना सर्व्हरने त्याच नंबरची पडताळणी झालीय का हे पुन्हा बघायला हवं. नाहीतर ती पायरी गाळून थेट ऑर्डर टाकता येते. आमच्या ४३ तशाच आल्या.

एसएमएस कंपनी लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेसेजची नोंद, आम्हाला दाखवत नाही, कारण खातं डेव्हलपरचं. डीएलटीवरचं (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीचं पोर्टल) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा मजकूर, हेही त्याच्याच फर्मच्या नावावर. ही नोंदणी स्वतःच्या पॅनवरच करा, कितीही कंटाळवाणी वाटली तरी. चौकीत तीन फेऱ्या मारल्या. पहिला प्रश्न, "ओटीपी कुणाला सांगितलात?" अहो, आमच्याच दुकानाचा ओटीपी, सांगणार कुणाला? दुसऱ्या वेळी, "हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." तिसऱ्या वेळी अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणे. पैसे भरणाऱ्याने दाद मागायची कुठे?

पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. आमचे ११ दिवस त्याच्या "उद्या करतो"त गेले. १८,५०० चं पक्कं बिल अजून मिळालेलं नाही.