बारा इंची प्लास्टिक गोनिओमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोनिओमीटर म्हणजे सांधा किती अंश हलतो ते मोजायचं साधन. माझा असा: पारदर्शक प्लास्टिक, बारा इंची भुजा, 360 अंशांची चकती. जून ते जानेवारी, आठवड्यातले पाच-सहा दिवस. म्हणजे गोव्याचा अख्खा पावसाळा त्याने काढला. निकाल आधीच सांगून टाकतो: वस्तू चांगली, रिव्हेट कच्चं.

बी.पी.टी.ला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, बेळगाव, मंगळूर, कोल्हापूरकडे जाणाऱ्या इथल्या मुलांच्या किटमध्ये रिफ्लेक्स तपासायची हातोडी, टेप आणि गोनिओमीटर हे त्रिकूट असतंच. स्टीलचा घ्यावा की प्लास्टिकचा? शिकताना प्लास्टिकचाच. खालचा हाडाचा उंचवटा त्यातून दिसतो. स्टीलचा झाकून टाकतो, शिवाय थंडगार लागतो आणि पेशंट अंग आवळून घेतो. अंग आवळलं की रेंज, म्हणजे सांधा किती हलतो तो आकडा, खोटी.

खराब कुठे झाला ते आधी. दोन्ही भुजा जोडणारं मधलं धातूचं रिव्हेट ऑगस्टपर्यंत तांबूस झालं, ऑक्टोबरात सैल. सैल रिव्हेट फार घातक, कारण सांध्यावर माप बरोबर येतं आणि आकडा वाचायला उचलला की फिरती भुजा स्वतःच्या वजनाने दोन-चार अंश घसरते. पक्कडीने हलकेच दाबलं की महिनाभर चालतं. जास्त दाबलं तर प्लास्टिकला तडा. तोवर सोपा उपाय म्हणजे उचलू नका, जागेवरच डोळा सरळ रेषेत आणून वाचा. तिरकं वाचल्यानेही एक-दोन अंश जातातच.

दुसरी कुरकुर आकड्यांची. स्पिरिटने रोज पुसला की छपाई फिकी पडते, काही प्लास्टिकला केसासारख्या चिरा येतात. साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं आणि मग कोरडं, एवढं पुरे. आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेचं ऊन सोडाच, ऑक्टोबरातही डिकी इतकी तापते की लांब भुजा वाकते. वाकली की नाही हे घरच्या फरशीवर कळतं: टाइलच्या सांध्याच्या रेषेवर दोन्ही भुजा सरळ ठेवल्या की 180, कोपऱ्यावर 90. दोन अंशांहून जास्त फरक आला तर बदला.

आता वापर. पहिल्या वर्षी घोकलेली अॅनाटॉमी याच्यापुढे उघडी पडते, म्हणून डिग्रीतली सगळ्यात प्रामाणिक परीक्षा ही, असं माझं मत. गुडघ्याचं घ्या. मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, म्हणजे लॅटरल एपिकॉन्डाइलवर. स्थिर भुजा खुब्याकडे, ग्रेटर ट्रोकँटरच्या दिशेने. फिरती भुजा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे, लॅटरल मॅलिओलसवर. तिन्ही जागा बोटाने चाचपून पेनने खूण करायची, मगच साधन लावायचं. नव्या मुलांची चूक ठरलेली: मध्यबिंदूवर सगळं लक्ष आणि भुजा हवेत. खरं तर भुजा नीट लागल्या तर मध्यबिंदू आपोआप जवळपास येतो.

पेशंट उताणा असताना आणि पालथा असताना गुडघ्याचा आकडा वेगळा येऊ शकतो. पालथं झोपलं की खुबा सरळ राहतो, मांडीचा पुढचा स्नायू रेक्टस फेमोरिस खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जात असल्याने ताणला जातो आणि आखडलेला असेल तर गुडघा आधीच अडतो. म्हणून आकड्याबरोबर स्थिती लिहा. पेशंटने स्वतः वाकवला की आपण वाकवला, तेही लिहा. पाय पूर्ण सरळ होत नसेल, वीस अंश राहत असतील, तर नोंद 20 ते 110 अशी. चकतीवर दोन उलटसुलट आकडेमाळा असतात. 45 च्या जागी 135 लिहिलं गेलेलं मी पुष्कळ वह्यांत पाहिलंय. डोळ्याने अंदाज आधी घ्यायचा, मग वाचायचं, म्हणजे हा घोळ टळतो.

पुस्तकात गुडघ्याचं वाकणं 135 अंश धरतात. इथे 'धोंपर दुखता' (गुडघा दुखतो) म्हणून येणारी बाजारातली मासेवाली तासन्‌तास खाली बसते, तिला तेवढं पुरत नाही. तिला 'नॉर्मल' ठरवण्याआधी ती बसते कशी ते विचारा.

खांद्याचं माप जरा चलाखीने घ्यावं लागतं. हात वर नेताना पेशंट नकळत कंबर मागे टाकतो आणि 150 चे 170 होतात. उताणं झोपवून गुडघे वाकवून ठेवले की कंबर पलंगाला टेकते आणि ही चोरी थांबते. नारळ काढणाऱ्या पाडेल्याच्या खांद्यावर हे हमखास करून बघावं.

पाच अंशांपर्यंतचा फरक सुधारणा म्हणून मिरवू नये. तेवढी चूक हाताचीच असते, दोन वेगळ्या मुलांनी मापलं तर आणखी. तोच हात, तीच स्थिती, शक्यतो तीच वेळ.

मनगट-घोट्याला बारा इंची अवघड पडतो, तिथे सहा इंची लागतो. बोटांसाठी वेगळाच छोटा मिळतो. बारा इंचीवर बोटं मोजायचा हट्ट करू नये.

किटमधल्या बाकीच्यांचं थोडक्यात. कापडी टेप टाळा, ओढून ओढून वाढतो, फायबरग्लासचा घ्या. पायाची लांबी कमरेच्या पुढच्या हाडापासून, एएसआयएसपासून, आतल्या घोट्यापर्यंत मापताना अर्ध्या सेंटिमीटरचा घोळ याच वाढण्याने होतो. त्रिकोणी टेलर हातोडीचं रबर पावसाळ्यातही टिकलं, तक्रार नाही. लेटेक्सच्या व्यायामपट्ट्या मात्र घामाने आणि दमटपणाने चिकटून बसल्या. पाण्याने धुऊन सावलीत वाळवून टाल्कम पावडर लावायची, आणि वापरण्याआधी उजेडासमोर धरून भोक बघायचं. तुटलेली पट्टी तोंडावर बसते.

म्हापसा किंवा मडगावच्या सर्जिकल दुकानात घेताना काउंटरवरच भुजा आडवी धरून सोडा. तिथल्या तिथे थांबली तर रिव्हेट ठीक. घसरली तर दुसरा मागा, दुकानदार कितीही कंटाळला तरी.